पायथनमध्ये नेटवर्कवरून आलेला डेटा तुटतो, चिकटतो किंवा येतच नाही: दोष शोधायचा कसा?

स्क्रिप्ट चालू आहे, एरर काही नाही, पलीकडचा माणूस छातीठोकपणे सांगतोय की ‘मी पाठवलंय’, आणि तुमच्या पडद्यावर मात्र अर्धाच संदेश. नाहीतर दोन संदेश एकमेकांना चिकटलेले. नाहीतर काहीच नाही. पायथनमध्ये सॉकेट (नेटवर्कवरून डेटा पाठवायचं-घ्यायचं प्रोग्रामचं टोक) पहिल्यांदा हाताळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला यातलं काहीतरी येतंच.

माझ्या वाट्याला आलं ते असं. मोजमापाचं एक यंत्र दर सेकंदाला ४८ बाइटचा संदेश पाठवत होतं. त्याच्याऐवजी माझ्याच मशीनवर एक नकली यंत्र लिहून मी स्क्रिप्ट तपासली, ती आठवडाभर बिनचूक चालली. खऱ्या यंत्राला जोडल्यावर पहिल्याच तासात ती भलतेच आकडे दाखवू लागली. दोन दिवस मी आकडे उलगडणारा कोड तपासत बसलो. तो बरोबर होता. चूक त्याच्या एक ओळ वर होती. तिथे मी ‘रिसीव्ह’ फंक्शन कॉल करत होतो आणि धरून चाललो होतो की एका कॉलला एक संदेश मिळतो.

ते दोन दिवस तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. उदाहरणं पायथन ३ ची आहेत, पण रुबी, पर्ल किंवा पीएचपी वापरत असाल तरी बहुतेक सगळं तसंच लागू पडेल, कारण या सगळ्या भाषा शेवटी ऑपरेटिंग सिस्टीमच्या त्याच सॉकेटशी बोलतात.

हाताशी काय हवं

- पायथन ३, शक्यतो ३.१० किंवा त्यापुढचं.
- तारेवरून जाणारी पॅकेट (डेटाचे तुकडे) दाखवणारं साधन: टर्मिनलवर टीसीपीडम्प, खिडकीत बघायचं असेल तर वायरशार्क.
- कुठलं पोर्ट (मशीनवर प्रोग्राम ज्या क्रमांकावर ऐकतो तो) कोणी धरलंय ते सांगणारं साधन: लिनक्सवर ‘एसएस’, विंडोजवर ‘नेटस्टॅट’.
- नेटकॅट, म्हणजे कुठल्याही पोर्टवर ऐकणारं किंवा पाठवणारं टर्मिनलवरचं छोटं साधन. तुमच्या स्क्रिप्टच्या जागी तात्पुरतं उभं करायला याच्यासारखं दुसरं काही नाही.
- मशीनवर ॲडमिनचे अधिकार. त्यांच्याशिवाय पॅकेट पकडता येत नाहीत.
- समोरच्या यंत्राच्या किंवा प्रोग्रामच्या प्रोटोकॉलचं वर्णन. अर्धं पान असलं तरी चालेल, पण तोंडी नको, लिहिलेलं हवं.

## १. तक्रार नेमकी करा

‘डेटा नीट येत नाही’ या वाक्यावरून काहीच शोधता येत नाही. आधी एवढं ठरवा: टीसीपी (आधी कनेक्शन जोडून बाइट क्रमाने देणारा प्रोटोकॉल) आहे की यूडीपी (कनेक्शनशिवाय सुटे संदेश पाठवणारा)? काहीच येत नाही, कमी येतं, जास्त येतं, की बरोबर येऊन चुकीचं वाचलं जातं? दर वेळी होतं की मधूनच? एकाच मशीनवर होतं की दोन मशीनमध्येच?

मग स्क्रिप्टमध्ये रिसीव्हच्या लगेच खाली एक ओळ घाला. आलेले बाइट किती, ते आणि ते बाइट जसेच्या तसे छापा. डीकोड करून नको, ‘रेप्र’ फंक्शनमधून किंवा हेक्स (सोळाच्या आधाराचे आकडे) करून छापा. डीकोड केलेल्या मजकुरात शून्य बाइट, कॅरेज रिटर्न, शेवटची मोकळी जागा यातलं काही दिसत नाही, आणि बऱ्याचदा दोष नेमका तिथेच दडलेला असतो.

नवख्यांचे दोन सापळे इथेच आहेत. पहिला: तुमच्या फाइलचं नाव ‘सॉकेट’ ठेवू नका. ठेवलंत तर पायथन खरं मॉड्यूल सोडून तुमचीच फाइल इंपोर्ट करतं आणि ‘सॉकेटमध्ये असं काही नाही’ अशी चक्रावून टाकणारी एरर येते. दुसरा सापळा जास्त फसवा आहे. स्क्रिप्टचं आउटपुट फाइलकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवलं की पायथन ते लगेच लिहीत नाही, साठवून ठेवतं आणि बरंच जमलं की एकदम सोडतं. पॅकेट वेळेवर येत असतात, लॉगमध्ये मात्र काही दिसत नाही. पायथन ‘-यू’ पर्याय देऊन चालवा किंवा प्रिंटला ‘फ्लश’ सांगा. नेटवर्कला दोष देण्याआधी एवढं कराच.

## २. पॅकेट मशीनपर्यंत पोचतंय का, ते डोळ्यांनी बघा

पॅकेटच्या वाटेवर चार थांबे आहेत: तार, ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल (तिचा गाभा), सॉकेटचा बफर (आलेले बाइट तात्पुरते साठवायची जागा) आणि तुमचा कोड. ते कुठल्या थांब्यावर अडकलं हे कळलं की निम्मं काम झालं. अंदाज बांधत कोड बदलत राहिलात तर एका दोषाचे तीन होतात.

टीसीपीडम्पला इंटरफेस आणि पोर्ट सांगा, आणि ‘-एन’ जोडा म्हणजे पत्त्यांची नावं शोधण्यात तो वेळ घालवणार नाही. आतला मजकूर बघायचा असेल तर मोठं ‘एक्स’ वापरा. दोन्ही टोकं एकाच मशीनवर असतील तर पॅकेट लूपबॅक इंटरफेसवरून (मशीनच्या आतल्या आत) जातात, नेटवर्क कार्डावरून नाही. कार्डावर कितीही वेळ डोळे लावून बसलात तरी ती दिसणार नाहीत. इंटरफेसबद्दल खात्री नसेल तर लिनक्सवर ‘एनी’ द्या.

इथे काहीच दिसलं नाही, तर तुमच्या पायथन कोडचा काही संबंध नाही. पाठवणाऱ्याकडे जा, पत्ता, पोर्ट आणि मधला राउटर तपासा.

दिसलं, पण स्क्रिप्टला मिळालं नाही, तर पुढच्या पायरीवर या. मात्र लक्षात ठेवा, लिनक्सवर टीसीपीडम्प आत येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी पकडतो. म्हणजे टीसीपीडम्पमध्ये दिसलेलं पॅकेट फायरवॉलने नंतर टाकून दिलेलं असू शकतं. ‘टीसीपीडम्पला दिसतंय म्हणजे फायरवॉल मोकळी आहे’ हा निष्कर्ष मी अनुभवी लोकांनाही काढताना पाहिलं आहे.

पकडलेल्या पॅकेटमधल्या आणखी दोन गोष्टींनी घाबरू नका. आपणच पाठवलेल्या पॅकेटवर ‘चेकसम चुकीचा’ असा शेरा दिसतो, कारण चेकसम भरायचं काम नेटवर्क कार्ड करतं आणि आपण पॅकेट त्याच्या आधी पकडलेलं असतं. आणि इथरनेटची मर्यादा साधारणपणे १५०० बाइटची असताना कधी कधी कितीतरी मोठी पॅकेट दिसतात, कारण कार्ड किंवा कर्नल आलेले लहान तुकडे जोडून वर देतो. हे दोन्ही दोष नाहीत.

## ३. पोचलं, पण सॉकेटला मिळालं नाही

इथली कारणं थोडी आहेत, एकेक करून निकालात काढता येतात.

बाइंडचा पत्ता, म्हणजे सॉकेट ज्या पत्त्यावर ऐकतं तो. १२७.०.०.१ वर बाइंड केलेलं सॉकेट फक्त त्याच मशीनवरून आलेलं ऐकतं. बाहेरून ऐकायचं असेल तर ०.०.०.० किंवा त्या इंटरफेसचा स्वतःचा पत्ता द्या. ‘माझ्याकडे चालतं, दुसऱ्या मशीनवरून नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच निघतं.

‘लोकलहोस्ट’ हे नाव. या नावाचे दोन अर्थ निघू शकतात: आयपीव्ही४ चा १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ चा ::१. सर्व्हर एका पत्त्यावर ऐकतोय आणि क्लायंट दुसऱ्यावर दार ठोठावतोय, असं सहज घडतं. तपासताना नाव वापरू नका, आकड्यातला पत्ता लिहा.

पोर्ट दुसऱ्या कोणी धरलंय. कालची स्क्रिप्ट मागे चालूच राहिलेली असते. ‘एसएस’ने बघा. स्क्रिप्ट बंद करून लगेच पुन्हा चालवली की ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी एरर येते ती वेगळी: जुनं टीसीपी कनेक्शन लिनक्सवर ६० सेकंद ‘टाइम-वेट’ अवस्थेत राहतं. बाइंडच्या आधी ‘एसओ-रीयूजॲडर’ पर्याय लावा. विंडोजवर हा पर्याय डोळे झाकून लावू नका. तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे, दोन प्रोग्राम एकच पोर्ट धरू शकतात आणि मग पॅकेट कोणाला मिळेल याची शाश्वती राहत नाही.

कनेक्शन झालं, उत्तर मात्र नाही. याचं कारण सांगतो, कारण ते कुठे सहसा लिहिलेलं नसतं. टीसीपीचं हस्तांदोलन (कनेक्शन जोडतानाची सुरुवातीची देवाणघेवाण) कर्नल करतो, तुमची स्क्रिप्ट नाही. ‘लिसन’ म्हटलं की कर्नल येणाऱ्यांना रांगेत उभं करतो. तुमची स्क्रिप्ट पहिल्या क्लायंटच्या रिसीव्हवर थांबलेली असली, तरी दुसऱ्या क्लायंटचं कनेक्शन यशस्वी होतं. तो संदेशही पाठवतो, कर्नल तो जपूनही ठेवतो. फक्त ‘ॲक्सेप्ट’ म्हणून त्याला आत घ्यायला कोणी मोकळं नसतं. उपाय म्हणजे प्रत्येक कनेक्शनला वेगळा थ्रेड (त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम), किंवा ‘सिलेक्टर्स’ किंवा ‘असिंकआयओ’ मॉड्यूल. सुरुवातीला थ्रेड पुरतो.

नक्की आपलाच दोष का? स्क्रिप्ट बंद करा, त्याच पोर्टवर नेटकॅट ऐकत ठेवा. नेटकॅटला मिळालं तर दोष स्क्रिप्टमध्ये. नाही मिळालं तर फायरवॉल किंवा पत्ता.

## ४. टीसीपीमध्ये संदेश नसतात, बाइट असतात

आता मुख्य मुद्दा. हा नीट समजून घ्या, घाई करू नका. माझे दोन दिवस इथेच गेले.

टीसीपी हा बाइटचा प्रवाह आहे. प्रोटोकॉलची मूळ व्याख्या १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलची क्रमांकित कागदपत्रं), २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने ती नव्याने मांडली, आणि दोन्हीत हमी एवढीच आहे: बाइट त्याच क्रमाने येतील, मधला एकही गहाळ होणार नाही. पाठवणाऱ्याने ‘सेंड’ किती वेळा म्हटलं, कुठे थांबला, याची नोंद प्रवाहात कुठेच राहत नाही.

नळाला पाणी येतं तेव्हा टाकीत ते किती बादल्यांनी ओतलं होतं हे कळत नाही. तसंच हे. पाठवणाऱ्याने ४८ बाइट तीनदा ओतले. तुम्हाला मिळताना एकदम १४४ मिळतील, किंवा ४८ आणि ९६, किंवा १०, ३८, ९६. यातलं सगळं नियमात बसतं.

रिसीव्हला तुम्ही १०२४ हा आकडा देता त्याचा अर्थ ‘१०२४ बाइट आण’ असा नाही. त्याचा अर्थ आहे ‘आत्ता जे आलंय ते दे, पण १०२४ पेक्षा जास्त नको’. एकच बाइट आलेला असेल तर एकच मिळेल. हा आकडा वाढवून तुटलेला संदेश जोडला जात नाही. मी आधी १०२४ चे ४०९६ केले, मग ६५५३६ केले, आणि दर वेळी थोडं बरं वाटलं. बरं वाटलं, कारण दोष कमी वेळा दिसायला लागला. असा दोष उलट अधिक धोक्याचा.

मग माझ्या मशीनवर आठवडाभर कसं चाललं? लूपबॅकवर पॅकेटची मर्यादा मोठी असते, उशीर जवळपास शून्य, आणि माझी स्क्रिप्ट दर वेळी पुढचा संदेश यायच्या आत रिकामी होऊन वाट बघत असायची. त्यामुळे एक सेंड, एक रिसीव्ह अशी जोडी योगायोगाने जुळत गेली. खऱ्या नेटवर्कवर एखादं पॅकेट हरवलं, टीसीपीने ते पुन्हा मागवलं, तेवढ्यात मागचे दोन संदेश येऊन थांबले आणि तिन्ही मिळून माझ्या हातात पडले. मी पहिले ४८ बाइट वाचले आणि उरलेले फेकून दिले.

इथे एक चुकीचा सल्ला हमखास मिळतो: ‘नेगल बंद कर’. नेगल अल्गोरिदम लहान लहान तुकडे साठवून एकत्र पाठवतो. जॉन नेगल यांनी तो १९८४ मध्ये आरएफसी ८९६ मध्ये मांडला. ‘टीसीपी-नोडिले’ पर्यायाने तो बंद करता येतो आणि त्याने उशीर कमी होऊ शकतो. पण चिकटलेले संदेश त्याने सुटत नाहीत, कारण घेणाऱ्याच्या बफरमध्ये ते तरीही एकत्र जमतात. दोन सेंडच्या मध्ये ‘स्लीप’ घालण्याचा सल्लाही तसलाच. आज चालेल, नेटवर्क मंदावलं की पुन्हा तुटेल.

## ५. संदेशाची हद्द तुम्हीच आखा

प्रवाहात हद्द नाही, तर ती आपण आखायची. दोन रीती सर्रास वापरल्या जातात.

पहिली, शेवटची खूण. प्रत्येक संदेशाच्या शेवटी नवी ओळ किंवा दुसरं ठरलेलं चिन्ह. मजकुराच्या प्रोटोकॉलला हे सोयीचं. सॉकेटचं ‘मेकफाइल’ वापरलंत तर ‘रीडलाइन’ने ओळ-ओळ वाचता येते. फक्त त्यानंतर त्याच सॉकेटवर थेट रिसीव्ह करू नका, कारण मेकफाइलने पुढचे काही बाइट आधीच स्वतःकडे ओढून घेतलेले असतात. आणि तिथे टाइमआउट लावलात तर लक्षात असू द्या, एकदा टाइमआउट झाला की ते फाइल ऑब्जेक्ट पुन्हा वाचायला नकार देतं.

दुसरी, आधी लांबी. सुरुवातीला ४ बाइटमध्ये पुढच्या मजकुराची लांबी, मग मजकूर. मी आता सगळीकडे हीच वापरतो. तिचा कणा म्हणजे ‘नेमके एन बाइट वाच’ असं एक छोटं फंक्शन:

- रिकामा बाइटॲरे घ्या.
- त्याची लांबी ‘एन’ होईपर्यंत फेरी चालू ठेवा.
- प्रत्येक फेरीत फक्त उरलेले बाइट मागा, म्हणजे एन वजा आतापर्यंत मिळालेले.
- रिकामं उत्तर आलं तर कनेक्शन अर्ध्यात तुटलं अशी एरर उभी करा.
- मिळालेले बाइट जोडत जा.

मग आधी या फंक्शनकडून ४ बाइट मागा, त्यातून लांबी काढा, आणि तेवढे बाइट पुन्हा त्याच्याकडूनच मागा. चार बाइटची लांबीसुद्धा तुटून येऊ शकते, म्हणून ती थेट रिसीव्हने वाचू नका. हे बरेच जण विसरतात.

लांबीला वरची मर्यादा घालाच. तुमचा संदेश कधीच १ एमबीपेक्षा मोठा नसेल, तर त्याहून मोठा आकडा दिसताक्षणी कनेक्शन बंद करा. माझ्या लॉगमध्ये एकदा १,१९,५७,२५,८५६ एवढी लांबी दिसली. तो आकडा हेक्समध्ये लिहिला तर ४७ ४५ ५४ २० निघतो, आणि अक्षरांत वाचला तर ‘गेट’ हा एचटीटीपीचा शब्द आणि पुढची मोकळी जागा. कोणीतरी ब्राउझरमधून माझ्या पोर्टवर आलं होतं आणि माझी स्क्रिप्ट एक अब्जाहून जास्त बाइटची वाट बघत बसली होती. असा न पटणारा आकडा दिसला की तो हेक्समध्ये लिहून बघा, खूप काही उलगडतं.

पाठवणारी बाजूही तुमचीच असेल तर ‘सेंड’ऐवजी ‘सेंड-ऑल’ वापरा. सेंडही अर्धवट पाठवू शकतो आणि किती बाइट गेले तो आकडा परत देतो. तो आकडा न बघता पुढे गेलात तर घेणाऱ्याच्या बाजूला कितीही शोधलं तरी दोष सापडणार नाही.

## ६. रिकामं उत्तर म्हणजे निरोप

टीसीपीवर रिसीव्हने शून्य बाइट दिले, तर त्याचा अर्थ ‘आत्ता काही नाही’ असा नसून ‘समोरच्याने पाठवणं बंद केलं’ असा आहे. हे न तपासता फेरी चालू ठेवली की रिसीव्ह दर वेळी लगेच रिकामं परत येतं आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो. फेरीतून बाहेर पडा, सॉकेट बंद करा.

यूडीपीवर मात्र रिकामा डेटाग्राम (यूडीपीचा एक सुटा संदेश) हा खराखुरा, वैध डेटाग्राम असतो. तिथे फेरी तोडू नका.

## ७. यूडीपी: हद्द आहे, हमी नाही

यूडीपीचं सगळं उलट आहे. १९८० च्या आरएफसी ७६८ मध्ये त्याची व्याख्या आहे, अवघी तीन पानांची, ती मुळातून वाचाच. एक डेटाग्राम म्हणजे एक रिसीव्ह, हे इथे खरं. पण तो येईलच असं नाही, क्रमाने येईल असं नाही, आणि एकाचे दोनही येऊ शकतात.

तुटलेला डेटाग्राम. बफरचा आकडा डेटाग्रामपेक्षा लहान दिला, तर उरलेले बाइट कायमचे जातात, पुढच्या रिसीव्हमध्ये येत नाहीत. लिनक्सवर हे गुपचूप घडतं, विंडोजवर १०,०४० क्रमांकाची एरर येते. आयपीव्ही४ वर यूडीपीचा मजकूर जास्तीत जास्त ६५,५०७ बाइटचा असतो, म्हणून रिसीव्ह-फ्रॉमला सरळ ६५,५३५ द्या. इथे मोठा आकडा देणं हाच खरा उपाय आहे, टीसीपीसारखी मलमपट्टी नाही.

मोठे येत नाहीत, लहान येतात. १५०० च्या मर्यादेत आयपीचे २० आणि यूडीपीचे ८ बाइट वजा जाता १,४७२ उरतात. त्याहून मोठ्या डेटाग्रामचे तुकडे होतात. एक तुकडा हरवला की सगळा डेटाग्राम गेला. वाटेवरची काही उपकरणं तुकडे पुढे जाऊच देत नाहीत. शक्य असेल तर संदेश १,२०० बाइटच्या आसपास ठेवा.

टीसीपीडम्पमध्ये शंभर, स्क्रिप्टमध्ये ऐंशी. सॉकेटचा बफर भरला की कर्नल पुढचे डेटाग्राम टाकून देतो, कोणाला सांगत नाही. बऱ्याच लिनक्सवर हा बफर मुळात २,१२,९९२ बाइटचा असतो, आणि त्यात प्रत्येक पॅकेटमागे कर्नलच्या स्वतःच्या नोंदींची जागाही धरली जाते, त्यामुळे लहान लहान पॅकेटनी तो वाटतो त्यापेक्षा लवकर भरतो. लिनक्सवर नेटस्टॅटच्या यूडीपी आकडेवारीत ‘रिसीव्ह बफर एरर्स’ वाढत असतील तर निदान पक्कं. बफर वाढवा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिसीव्हच्या फेरीत दुसरं काम करू नका. डेटाबेसमध्ये लिहिणं, छापणं, आकडेमोड हे सगळं दुसऱ्या थ्रेडला रांगेतून द्या.

विंडोजवरची विचित्र एरर. यूडीपीमध्ये कनेक्शनच नसतं, तरी रिसीव्ह-फ्रॉम ‘कनेक्शन रीसेट’ म्हणून १०,०५४ ची एरर देतं. कारण तुम्ही आधी कोणालातरी पाठवलेला डेटाग्राम बंद पोर्टवर गेला आणि तिकडून ‘इथे कोणी नाही’ असा आयसीएमपी (नेटवर्कवरच्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप आला. ती एरर पकडा आणि फेरी चालू ठेवा. तुमचं सॉकेट ठीक आहे.

## ८. बरोबर आलं, चुकीचं वाचलं

अक्षरं आणि बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘नमस्कार’ची लांबी पायथन ७ सांगतं, पण तारेवरून २१ बाइट जातात. लांबी मोजताना आधी एनकोड करा, मग मोजा. आणि प्रवाहाचा तुकडा अक्षराच्या मधोमध तुटला तर डीकोड करताना एरर येते. इंग्रजी मजकुरावर हे कधीच दिसत नाही, म्हणून तपासताना मराठी मजकूर पाठवून बघा. पूर्ण संदेश जमल्यावरच डीकोड करा. एररला ‘इग्नोर’ सांगून गप्प बसवू नका, त्याने मधली अक्षरं नाहीशी होतात.

बाइटचा क्रम. नेटवर्कवर रूढ पद्धत मोठा बाइट आधी अशी आहे, नेहमीचे प्रोसेसर लहान बाइट आधी ठेवतात. ५ ही लांबी उलटी वाचली तर ८,३८,८६,०८० होते. ८०८० हे पोर्ट उलटं वाचलं तर ३६,८९५. ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूलच्या साच्यात सुरुवातीला उद्गारचिन्ह घाला, म्हणजे नेटवर्कचा क्रम लागू होतो. त्याचा दुसराही फायदा आहे: ते नसेल तर स्ट्रक्ट मशीनच्या सोयीने मध्ये मोकळे बाइट सोडतं, आणि एक बाइट व चार बाइट मिळून ५ ऐवजी ८ होतात. अर्थात यंत्राच्या कागदावर ‘लिटल एंडियन’ लिहिलं असेल तर उद्गारचिन्हाऐवजी ‘पेक्षा लहान’ची खूण घाला.

## ९. स्क्रिप्ट अडकून बसते तेव्हा

रिसीव्ह मुळात अमर्याद वाट बघतं. समोरच्या मशीनची वीज गेली किंवा केबल निघाली, तर निरोपाचं पॅकेट येतच नाही आणि तुमची स्क्रिप्ट दिवसभर थांबून राहते. समोरचा अजून आहे का याची चौकशी करणारा ‘कीपअलाइव्ह’ आहे, पण तो आपण चालू करावा लागतो, आणि लिनक्सवर पहिली चौकशी मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. म्हणून ‘सेट-टाइमआउट’ लावा आणि प्रोटोकॉल तुमच्या हातात असेल तर ठरावीक वेळाने ‘आहे’ एवढंच सांगणारा छोटा संदेश ठेवा.

टाइमआउट झाला तेव्हा अर्धा संदेश आलेला असू शकतो. ते बाइट फेकू नका. बाइटॲरे फंक्शनच्या बाहेर, कनेक्शनबरोबर जपून ठेवा, नाहीतर पुढचा प्रत्येक संदेश तेवढ्या बाइटनी सरकलेला वाचाल. पायथन ३.१० पासून सॉकेटचा टाइमआउट आणि पायथनची नेहमीची टाइमआउट एरर एकच आहेत. जुन्या आवृत्तीत सॉकेटचीच पकडावी लागते.

## १०. रॉ सॉकेट वापरत असाल तर

रॉ सॉकेट म्हणजे टीसीपी-यूडीपीला वगळून थेट आयपीची पॅकेट हाताळणारं सॉकेट. आधी विचारा, खरंच गरज आहे का? असेलच, तर तीन गोष्टी. लिनक्सवर ॲडमिनचे अधिकार किंवा नेट-रॉ ही परवानगी लागते. आयपीव्ही४ च्या रॉ सॉकेटवर आयपीचं हेडरही हाती येतं आणि ते नेहमी २० बाइटचंच असतं असं नाही. पहिल्या बाइटच्या खालच्या चार बिटांना ४ ने गुणा, तेवढी त्याची लांबी. आणि स्कॅपीसारख्या, हाताने पॅकेट बनवणाऱ्या साधनाने स्वतः टीसीपी हस्तांदोलन करू गेलात, तर तुमच्या कर्नलला त्या कनेक्शनची माहिती नसल्यामुळे तो परस्पर ‘रीसेट’ पाठवून ते तोडतो. त्या पोर्टवरचे बाहेर जाणारे रीसेट फायरवॉलमधून अडवावे लागतात.

## ११. दुरुस्त झालं असं वाटलं की मुद्दाम मोडून बघा

माझं नकली यंत्र फार शहाण्यासारखं वागत होतं, म्हणून दोष लपला. तुमचं तसं नसावं. पाठवणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहा आणि तिच्याकडून हे प्रकार करून घ्या:

- एक संदेश एकेक बाइट करून पाठवायचा, प्रत्येक बाइटनंतर थोडं थांबायचं.
- तीन संदेश जोडून एकाच सेंड-ऑलमध्ये पाठवायचे.
- दीड संदेश पाठवायचा, दोन सेकंद थांबायचं, मग उरलेला अर्धा.
- अर्ध्या संदेशावर कनेक्शन बंद करायचं.
- लांबीच्या जागी अवाच्या सवा आकडा पाठवायचा.
- यूडीपी असेल तर डेटाग्राम उलट्या क्रमाने आणि एकेक दोनदा पाठवायचा.

पहिल्या तीन प्रकारांत घेणाऱ्या स्क्रिप्टने अगदी तेच संदेश, त्याच संख्येने दिले पाहिजेत. चौथ्या-पाचव्यात स्वच्छ एरर देऊन पुढच्या क्लायंटसाठी तयार राहिलं पाहिजे. सहाव्यात काय व्हावं ते तुमच्या प्रोटोकॉलवर आहे. संदेशात अनुक्रमांक नसेल तर तो घालायची हीच वेळ. मी ही चाचणी आता कोडबरोबरच ठेवतो आणि रिसीव्हच्या आसपासची एक ओळ जरी बदलली तरी पुन्हा चालवतो.